बाईंना नाही कोण म्हणणार

टीव्हीवर तो जनमत चाचणीचा कौल लागला की मी आवाज बंद करते. एवढ्या टक्के लोकांना चांगले रस्ते हवेत, एवढ्यांना चांगल्या शाळा, एवढ्यांना दवाखाने. अरे, मग नको कोणाला आहेत? दारात उभं राहून कुणी विचारलं की तुम्हाला शाळा हवी का, तर 'नको, मुलं अडाणी राहू देत' म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. आणि निकाल लागला की तेच सगळे सूटबूटवाले कपाळाला आठ्या घालून बसतात, की लोकांना शाळा हव्या होत्या तर त्यांनी मत असं कसं दिलं. मी त्यांची मुकी हलणारी तोंडं बघत चहा पिते. मी हे उगाच बोलत नाही. मी स्वतः एकदा असा सर्व्हे केलाय, आमच्या बिल्डिंगचा, आणि त्यात माझं जे गेलं ते अजून भरून आलेलं नाही.

महापालिकेच्या शाळेत तेहतीस वर्षं शिकवलं मी. लग्न केलं नाही. त्यात कहाणी वगैरे काही नाही. आधी भावंडांची लग्नं झाली, मग आईचं आजारपण, आणि मग एक दिवस लोक विचारायचेच थांबले. मरोळला एमआयडीसीच्या मागच्या अंगाला आमची बिल्डिंग आहे. चार मजले, अठ्ठावीस घरं, लिफ्ट नाही. तिथे मला सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. निम्म्या घरांतली पोरं माझ्या हाताखालून गेलीत, आणि उरलेल्या निम्म्यांना मी जिन्यात थुंकण्यावरून, कचऱ्यावरून, मोठ्याने गाणी लावण्यावरून कधी ना कधी झापलेलं आहे. मी गोड बोलणाऱ्यांतली नव्हे. आमची आई मालवणकडची, ती म्हणायची, ह्या चेडवाची जीभ म्हणजे कोयती.

माझ्या दारासमोर सिस्टरचं दार. महापालिकेच्या हॉस्पिटलात नर्स होती म्हणून बिल्डिंगला ती सिस्टर, आणि मीही तिला तेच म्हणायची. अकोल्याकडची. नवरा इथे एमआयडीसीत मशीनवर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा शिकला, नोकरीला लागला, मुलुंडला टॉवरमध्ये राहायला गेला. स्वभावाने ती माझ्या अगदी उलट. कुणाला तोडून बोलणं नाही, कुणाला 'नाही' म्हणणं नाही. वॉर्डातली सवय असेल. पेशंटने विचारलं, सिस्टर मी बरा होईन ना, की ही म्हणणार, होणार तर, का नाही होणार. तीस वर्षं आमची दारं दिवसभर उघडी असायची आणि मधल्या दोन पावलांच्या जागेतून वाट्या इकडून तिकडे जायच्या.

एका दुपारी ती माझ्याकडे शेंगा सोलत बसली होती. मान वर न करताच म्हणाली, "मुलगा बोलावतोय गं. कायमचं."

मी म्हटलं, "आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं बघू. त्यांच्या तिथे खाली हॉल आहे म्हाताऱ्यांसाठी. पेपर, कॅरम, सगळं. संध्याकाळी पंचवीसतीस जणं जमतात म्हणे."

"इथे काय कमी आहे तुला?"

"इथे तू आहेस ना," ती म्हणाली. मग शेंगेची साल टोपलीत टाकत म्हणाली, "पण दोघींनी दिवसभर एकमेकींची तोंडं किती बघायची गं? चार माणसं नकोत?"

मला लागलं ते. लागलं म्हणजे चांगलंच लागलं. मला तर तिचं एक तोंड पुरत होतं. पण ते तिला कसं सांगणार? मी उठून उगाच गॅसवर चहाचं पाणी ठेवलं. माझी पाठ बघून तिलाही वाईट वाटलं असावं, कारण ती घाईघाईने म्हणाली, "खालची बालवाडीची खोली रिकामीच पडलीय की. तिथे असं काही झालं असतं तर मी कशाला हलले असते?"

मी वळले. "झालं तर नाही जाणार?"

"नाही जाणार."

"शब्द?"

"शब्द गं बाई," ती हसत म्हणाली.

झालं. मी तो शब्द पदराला बांधला. पाणी उकळून उकळून अर्धं झालं तरी मी चहा टाकला नाही, मनात खोलीत खुर्च्या लावत बसले.

ती खोली म्हणजे तळमजल्यावरची सोसायटीची जागा. बरीच वर्षं तिथे बालवाडी होती. ती बंद झाली, भिंतीवरचे ससे आणि आंबे तेवढे राहिले. आमचा सेक्रेटरी तरुण आहे, हुशार आहे, सतत कानात ते इअरफोनचं पांढरं बोंड घालून फिरतो. त्याच्या डोक्यात ती खोली पार्सलांसाठी होती. हल्ली लोक मिठापासून गादीपर्यंत सगळं मोबाइलवर मागवतात, दिवसा घरात कुणी नसतं, वॉचमनच्या केबिनमध्ये खोकी छताला टेकलेली. तो म्हणत होता, फळ्या मारू, प्रत्येक घराचा एक कप्पा करू, कुलूप लावू. वार्षिक सभेत खोलीचा निर्णय घ्यायचा होता. मी त्याला म्हटलं, थांब, मी आधी लोकांना विचारते.

मी प्रश्नावली तयार केली. सुवाच्य अक्षरात, समास सोडून, खाली सहीला जागा. पहिला प्रश्न, सोसायटीची खोली ज्येष्ठांना बसण्या-वाचण्यासाठी असावी असं आपणास वाटतं का? दुसरा, आपल्या घरात ज्येष्ठ व्यक्ती असल्यास त्यांना याचा उपयोग होईल का? तिसरा, समाजाने ज्येष्ठांची काळजी घ्यावी असं आपणास वाटतं का? कोपऱ्यावरून झेरॉक्स काढून आणल्या.

चौथ्या मजल्यावर एक मुलगी राहते, साकीनाक्याला एका सर्व्हे कंपनीत नोकरीला. माझीच विद्यार्थिनी. तिने तो कागद वाचला आणि ओठ दाबून हसली.

"काय गं, काय झालं दात काढायला?"

"बाई, रागावू नका. पण असं विचारलं तर सगळे हो म्हणणार. खोली हवी का, हवी. काळजी घ्यावी का, घ्यावी. समोरासमोर ठेवून विचारा ना, की पार्सलची खोली हवी की बसायची? दोन्हींतलं एकच मिळणार आहे म्हणून. मतदानात लोकांना एक सोडावं लागतं. सर्व्हेत काहीच सोडावं लागत नाही."

"बरं. आणखी काही अक्कल?"

"आणि तुम्ही स्वतः जाऊ नका," ती म्हणाली. "कुणी परकं पाठवा. आणि सही नको. तुमच्या तोंडावर कोण नाही म्हणेल, बाई?"

मी तिला म्हटलं, तुला पाढे कुणी शिकवले ते विसरलीस का. तिने कागद परत दिला. किती खरं बोलत होती पोरगी! पण तेव्हा मला ते ऐकायचं नव्हतं, मला हो ऐकायचं होतं.

तीन संध्याकाळी मी घरोघर फिरले. काय सांगू, काय स्वागत झालं माझं! बाई या, बाई बसा, बाई पोहे घ्या. एकीने तर माझ्यासाठी पंखा पाचवर केला. सगळ्यांनी सह्या केल्या. 'बाई, हे तर आधीच व्हायला हवं होतं.' 'बाई, तुमच्याशिवाय ह्या बिल्डिंगमध्ये कुणाला सुचणार?' अठ्ठावीस घरांतल्या एका घराला कुलूप होतं. पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थाने दार अर्धंच उघडलं. साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवून रिटायर झालेला, बायको वारलेली, गळक्या पाइपावरून सोसायटीला दर महिन्याला तक्रारीचं पत्र लिहिणारा. "मला विचारायचं नाही. मी कुठल्या कागदावर सही करत नाही," म्हणाला आणि दार लावून घेतलं. मेल्या, तुझ्यावाचून काय अडलंय, मी मनात म्हटलं. माझं आणि सिस्टरचं धरून उरलेली सव्वीस घरं माझ्या बाजूने होती.

तेहतीस वर्षं वर्गात विचारत आले, गृहपाठ केला का? हो बाई. कळलं का? हो बाई. दंगा कुणी केला ते माहीत नाही ना? नाही बाई. आणि वह्या उघडल्या की कोऱ्या करकरीत. एवढं आयुष्य त्या 'हो बाई'त गेलं माझं, आणि तरी सव्वीस 'हो बाई' गोळा करून मी जिना चढत होते ते कसली तरी लढाई जिंकल्यासारखी. सिस्टरच्या दारात उभं राहून मी तो कागदांचा गठ्ठा तिच्यापुढे नाचवला. "बघ. सव्वीस. आता कुठे जातेस बघते." ती म्हणाली, "अगं बाई, खरंच?" आणि माझ्या हातावर गूळ ठेवला.

आता मुख्य गाढवपणा सांगते.

सभा रविवारी सकाळी त्याच खोलीत होती. बालवाडीचा फळा अजून भिंतीवर होता. पंचवीस सभासद आले, म्हणजे आमच्याकडे खूपच. सेक्रेटरीने दोन्ही प्रस्ताव वाचून दाखवले आणि म्हणाला, "चला, हात वर करून संपवून टाकू. बाईंच्या प्रस्तावाला कोणकोण?" दोनचार हात वर यायला लागलेसुद्धा. बाकीचे माझ्याकडे बघत होते. मी तेव्हा तोंड बंद ठेवलं असतं, तर माझ्या डोळ्यांसमोर हात खाली ठेवायची हिंमत तिथे कुणालाही झाली नसती. आज मला हे लख्ख दिसतं. पण मी उठले आणि म्हटलं, "थांबा. असं नाही. गुप्त मतदान घ्यायचं."

का, तर मी इलेक्शन ड्यूटी केलेली बाई. किती निवडणुका केल्या असतील त्याचा हिशेब नाही. बोटाला शाई लावली, यादीत नावं शोधली, शेवटी शेवटी तर केंद्राध्यक्ष होते. मला त्या कामाचा अभिमान होता, अजूनही आहे. पुठ्ठ्याच्या त्या आडोशामागे माणूस एकटा असतो आणि तिथे त्याला बायको नाही, साहेब नाही, नेता नाही, ह्यावर माझा विश्वास. एकदा मढला ड्यूटी होती, तेव्हा एक कोळीण मत देऊन बाहेर आली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, बाय, तू येवढी लांबून आलीस, तुलाच दिलं मत. माझं नाव कुठल्या यादीत नव्हतं. तिला माझं मन राखायचं होतं, बस्स. आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. त्या हसण्यातून मी काही शिकले असते तर!

माझ्या नव्या चपलांचं खोकं मी घरूनच आणलं होतं. झाकणाला फट पाडून, कडेने गमपट्टी लावून. चिठ्ठ्याही तयार होत्या, प्रत्येकीवर सोसायटीचा शिक्का. वर खोली ज्येष्ठांसाठी असावी असं छापलेलं, खाली रिकामी जागा. कुणीतरी विचारलं, बाई टिक करायची का? मी म्हटलं, टिक नाही. टिक कशीही वाचता येते, मग भांडणं होतात. शब्दात लिहा. होय किंवा नाही. माझ्यातली मास्तरीण बोलली ती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे.

एकेक जण कोपऱ्यात उंच कपाटामागे जाऊन लिहून आला. सिस्टर पुढच्याच खुर्चीवर होती. ती उठली, गेली, आली, खोक्यात चिठ्ठी टाकताना माझ्याकडे बघून हसली. मीही हसले.

मग मी गमपट्टी फाडली. मी चिठ्ठी उघडून मोठ्याने वाचायची आणि सेक्रेटरीने फळ्यावर रेघ मारायची असं ठरलं. पहिली चिठ्ठी, नाही. दुसरी, नाही. तिसरी, होय. मी म्हटलं चला. चौथी, नाही. पाचवी, नाही. खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सगळे भिंतीवरचे ससे बघत होते.

आणि मग माझ्या लक्षात आलं की मला कळतंय. मी मास्तरीण, गडे! ह्या बिल्डिंगमधलं अक्षर ना अक्षर मला ओळखता येतं. पहिलं 'नाही' पोहे देणाऱ्या घराचं होतं. दुसरं पंखा पाचवर करणारीचं. मीच घालून दिलेलं वळण होतं ते, ही-च्या वेलांटीला असा छान गोल. अक्षर न बघता चिठ्ठी वाचायची कशी? डोळे मिटून घेता येत नव्हते आणि केंद्राध्यक्षाने तर तोंडावरची रेषाही हलवायची नसते. मी वाचत राहिले. मधेच एक 'होय' आलं, मोठ्या ठसठशीत, उजवीकडे कललेल्या अक्षरात. ते अक्षर सोसायटीच्या नोटीस बोर्डवर दर महिन्याला लागतं, गळक्या पाइपाच्या तक्रारीत. मी त्याच्याकडे बघितलं नाही. तोही खिडकीबाहेर बघत होता.

मग एक चिठ्ठी उघडली आणि मी वाचायची थांबले.

सिस्टर शब्दांवर वरची रेघ देत नाही. वॉर्डात तीस वर्षं धावत धावत चार्ट भरले, रेघ द्यायला वेळ कुणाला. तिच्या वाणसामानाच्या याद्या, दाराखालून सरकवलेल्या चिठ्ठ्या, 'दूध तापवलंय', 'बाजारात गेले', सगळी अक्षरं अशी डोक्यावर छप्पर नसलेली. मी कितीदा तिला म्हटलं असेल, अगं बाई, रेघ दे, माझे डोळे दुखतात. त्या चिठ्ठीवर दोन बोडकी अक्षरं होती.

"बाई?" सेक्रेटरी खडू धरून उभा.

"नाही," मी वाचलं.

सात होय, अठरा नाही. मीच जाहीर केलं, मीच सही केली. नियमाप्रमाणे चिठ्ठ्या पाकिटात घालून पाकीट चिकटवलं आणि सेक्रेटरीच्या हातात दिलं. तो बिचारा ओशाळून म्हणाला, "सॉरी हां बाई." मी म्हटलं, सॉरी कसलं, लोकशाही आहे.

त्या दिवशी दुपारपासून लोक यायला लागले. कुणी साबुदाण्याचे वडे घेऊन, कुणी नुसतंच जिन्यात गाठून. "बाई, फार वाईट वाटलं. मी तर होयच लिहिलं होतं." "बाई, आमच्या घरचं होय होतं बरं का." मी मोजले. दोन दिवसांत अकरा जणांनी मला सांगितलं की त्यांनी होय लिहिलं. खोक्यात सात होते. आता हसू येतं, तेव्हा नुसती चीड येत होती. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. मी मनात म्हणायची, मेल्यांनो, पार्सल हवं होतं तर सरळ सांगायचं की, मी काय तुम्हाला अंगठे धरून उभं करणार होते? आणि खरं सांगू का, केलंही असतं. म्हणूनच तर नाही सांगितलं त्यांनी. ज्याने दारात सही दिली नव्हती तो पहिल्या मजल्यावरचा माणूस मात्र एका शब्दानेही काही बोलायला आला नाही.

सिस्टरही आली नाही. म्हणजे दार उघडंच होतं, वाट्या येत-जात होत्या, पण खोलीबद्दल अवाक्षर नाही. मी वाट बघत होते. मला वाटत होतं ती रडेल, नाहीतर खोटं तरी बोलेल. मीच रात्री अंथरुणावर तिच्या वतीने एकेक कारण शोधायची. घाईत चुकली असेल. चष्मा विसरली असेल. सतरा 'नाही' मी पचवले होते गं, ते लोकांचे होते. अठरावं गिळता येत नव्हतं.

चौथ्या दिवशी तिने सांगितलं की पुढच्या रविवारी मुलगा टेम्पो घेऊन येतोय.

त्या रविवारी सकाळी तिचं घर आवरायला मीच गेले, दुसरं कोण जाणार. भांडी कागदात गुंडाळत होतो. बुद्धाची मूर्ती तिने स्वतःच्या मऊ पातळात गुंडाळून वेगळ्या पिशवीत ठेवली. मग ती म्हणाली, "खोली झाली असती तर राहिलेच असते गं मी."

मी म्हटलं, "हो."

"मी होय लिहिलं होतं."

मी हातातल्या वाटीला कागद गुंडाळत राहिले, एकावर एक, तीन कागद झाले. तिने माझ्या हातांकडे बघितलं. मग माझ्या तोंडाकडे. आणि तिला समजलं. ती पलंगावर बसली.

"अक्षर," ती म्हणाली.

"रेघ दिली असतीस तर कळलंही नसतं मला."

आम्ही दोघी हसलो. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती तिच्या अकोल्याकडच्या बोलीत घुसली, जी मुंबईत ती कधीच काढत नसे. "काहून वाचलं वं तू? दुसऱ्या कोणाले वाचू द्यायचं होतं." मग डोळे पुसून म्हणाली, "मी तुला शब्द दिला होता. खोली झाली असती तर मला राहावं लागलं असतं."

"मग त्याच दिवशी सांगायचं होतंस की मला जायचंय."

"तुला?" ती म्हणाली. "तुझ्या तोंडावर नाही म्हणता येतं का कुणाला? तीस वर्षांत मला एकदाही जमलं नाही."

तिने हे चिडून म्हटलं नव्हतं. तापाचा आकडा सांगावा तितक्या साधेपणाने म्हणाली. एकदाही नाही? दर दिवाळीच्या सुट्टीत मी तिला मढला न्यायची, बोटीतून, समुद्र बघायला. तिला बोट लागायची, तरी यायची. दर रविवारी मी बांगड्याचं तिखलं करून तिच्याकडे पाठवायची. ही वऱ्हाडातली बाई, मासे हिने कधी मागितले होते? रोज चारला चहा. तिच्या नवऱ्याच्या मागे, ती एकटी पडली म्हणून, मी रोज रात्री तिच्याकडे मालिका बघायला जाऊन बसायची. एकटी कोण पडलेली होती? मीच कडी वाजवायची, मीच विचारायची, येतेस ना, आवडलं ना, बसू ना थोडा वेळ. आणि ती म्हणायची, हो गं बाई.

मला तिच्यावर रागवायचं होतं. रागवायचं मला चांगलं जमतं. पण त्या दिवशी नाही जमलं. मी त्या पलंगावर तिच्या शेजारी बसले. गादी गुंडाळलेली होती, फळी टोचत होती.

"सिस्टर," मी म्हटलं, "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार ना."

"तुला आवडायची का गं मी?"

तिने माझा हात हातात घेतला. बोटांनी मनगटावर नाडी धरतात तसा, सवयीने. म्हणाली, "हो. हे काय विचारणं झालं? हो गं बाई."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. डोळे ओले होते, हसू खरं दिसत होतं. पेशंटशी बोलतानाही ते असंच दिसत असणार. कितीतरी वेळ मी बघत होते, पण मला काहीच वाचता आलं नाही. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला, तिने माझा हात सोडला आणि उठून राहिलेली भांडी भरायला लागली.